पदवीच्या बाहेरचे विद्यापीठ

(संस्थेच्या भिगवण येथील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आताच गुणवंत मुलामुलींचा सत्कार झाला. टक्केवारी वाचून दाखवली जात होती, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. परंतु मला आज टक्केवारीविषयी बोलावयाचे नाही. यांपैकी पुष्कळ मुले उद्या पुण्याला जातील. तेथे गेल्यावर वर्गाबाहेर जे विद्यापीठ असते त्याचे त्यांनी काय करावे, आणि घरी राहणाऱ्या पालकांनी त्यासाठी काय करावे, एवढेच मी सांगणार आहे.

आरंभी माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे उपदेश केल्याचा दोष लागणार नाही.

1984 साली मी एम.ए.साठी पुणे विद्यापीठात दाखल झालो. गणेशखिंडीतील ती मुख्य इमारत तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. इंग्रजी अमदानीत तेथे मुंबईच्या गव्हर्नराचा पावसाळ्यातला मुक्काम असे. आपल्या आजोबा-पणजोबांना त्या फाटकाच्या आत सहज पाऊल टाकता आले नसते. 1949 साली तेथे विद्यापीठ सुरू झाले, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि चारशे एकरांहून मोठा तो परिसर शेतकऱ्याच्या व कारागिराच्या मुलांना मोकळा झाला. 2014 पासून त्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे.

फाटक मोकळे झाले खरे. पण माझ्या मनाचे फाटक बंदच होते. सूचनाफलकावर रोज कागद लागत. आज अमक्याचे व्याख्यान, उद्या चर्चासत्र, परवा विद्यार्थ्यांचे नाटक. प्रवेशाला पैसे नसत, चिठ्ठी लागत नसे. तरी मी वर्षभर एकाही कार्यक्रमाला गेलो नाही. दाराशी जाऊन परत आलो, असेही घडले. हे बोलणे मोठ्या घरच्या, शहरातल्या मुलांसाठी आहे, आपण भिगवणचे, आपले काय तेथे, असे वाटे. मला कोणी अडवले नव्हते. मीच मला अडवले होते.

दुसऱ्या वर्षी एकदा दख्खनी भाषेवर व्याख्यान होते. विषय घरचा म्हणून धीर करून शेवटच्या रांगेत बसलो. आपण घरात जी बोली बोलतो, तिला 'गावंढळ उर्दू' म्हणून हिणवलेले मी लहानपणापासून ऐकले होते. त्या दिवशी कळले की विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाने 'किताब-ए-नौरस' याच भाषेत रचली, आणि गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह हा दख्खनीचा मोठा कवी होता. माझी अम्मी ज्या भाषेत मला जेवायला हाक मारी, ती भाषा दरबारात नांदलेली होती.

व्याख्यान संपल्यावर वक्त्यांनी प्रश्न मागितले. माझ्या मनात एक प्रश्न होता. आपण 'नक्को' म्हणतो, शेजारची मराठी माणसे 'नको' म्हणतात. हा शब्द कोणी कोणाकडून घेतला? प्रश्न ओठांवर आला आणि तेथेच राहिला. लोक हसतील असे वाटले. दोन मिनिटांनी पुढच्या रांगेतील एका मुलाने नेमके तेच विचारले. वक्ते खूश झाले. दख्खनीने हा शब्द मराठीकडून घेतला, शेजारपणाची याहून चांगली साक्ष कोणती, असे सांगून त्या एका शब्दावर ते बराच वेळ बोलले. मी मागे बसून ऐकत होतो. उत्तर मला मिळाले, पण प्रश्न माझा राहिला नाही. त्या गोष्टीची चुटपुट अजून जात नाही.

मुलांनो, वर्गात शिक्षक प्रश्न विचारतात आणि तुम्ही उत्तर देता. व्याख्यानानंतर तुम्ही प्रश्न विचारता आणि विद्वान माणसाला उत्तर द्यावे लागते. ज्ञानाच्या बाजारात आपली पत वाढते ती येथे.

याच परिसरात 1988 साली 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था स्थापन झाली. डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. 2025 च्या मे महिन्यात ते गेले. त्यांची एक रीत मुलांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शाळकरी मुले सही मागू लागली की ते म्हणत, सही देणार नाही. मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर लिहीन आणि त्याखाली सही करीन. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाची सही मिळवण्याची किंमत काय, तर एक प्रश्न! आयुकाने महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळेच्या मुलांसाठी व्याख्याने सुरू केली. 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला तर ही संस्था सर्वांना खुली ठेवण्याची प्रथा पडली. आत अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत.

अशाच एका विज्ञान दिनाला आपल्या भागातील एक गृहस्थ नववीतल्या मुलीला घेऊन तेथे गेले. भिगवणच्या मासळी बाजारात त्यांचा व्यवसाय. उजनीच्या पाण्यातली मासळी पहाटे काट्यावर चढते, त्यामुळे रात्रीची झोप नाही. शिक्षण जेमतेम चौथी. मुलगी हट्ट करते म्हणून ते नाइलाजाने गेले होते. ते दाराशीच थांबून मुलीला म्हणाले, "तू जा बेटा, मी बाहेर बसतो." मुलगी म्हणाली, "अब्बा, तुम्ही नाही तर मीही नाही." शेवटी दोघे आत गेले.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा ती मुलगी उभी राहिली. तिने विचारले, "सर, ईदचा चांद सौदी अरबस्तानात बहुतेक वेळा आमच्या आधी एक दिवस का दिसतो? चंद्र तर एकच आहे ना?" शास्त्रज्ञांनी सोप्या मराठीत समजावले. अमावास्येनंतर चंद्र तासातासाने सूर्यापासून दूर सरकत जातो. जितका दूर जाईल, तितकी कोर मोठी होते आणि सूर्य बुडाल्यावर ती जास्त वेळ वर राहते. मक्केत सूर्यास्त आपल्यानंतर सुमारे सव्वादोन तासांनी होतो. तेवढ्या अवधीत कोर थोडी मोठी झालेली असते. म्हणून आपल्याला न दिसलेला चंद्र तिकडे कधी कधी त्याच संध्याकाळी दिसू शकतो. चांद कोणत्या साक्षीने मानावा हा उलेमांचा विषय. चांद आकाशात कोठे आहे हा खगोलशास्त्राचा. दोहोंत भांडण नाही.

परतीच्या एसटीत ते गृहस्थ पुष्कळ वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दर ईदेला आपण मोहल्ल्यात यावरून वाद घालतो. विचारायचं कोणाला सुचलं नाही. तुला सुचलं." त्यांनीच हे मला सांगितले, आणि सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता. पुढे ती मुलगी पुण्याला शिकायला निघाली, तेव्हा नातेवाइकांनी नाना शंका काढल्या. त्यांचे उत्तर एकच होते, "ती कुठे जाते ते मी आत बसून पाहिलंय."

पालक बंधू-भगिनींनो, या एका वाक्यासाठी मी ही हकिगत सांगितली. मुलीला संध्याकाळच्या कार्यक्रमाला पाठवण्यास आपला जीव घाबरतो. ही काळजी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. शेवटची गाडी, रात्रीची वेळ, परके शहर, सारे खरे आहे. परंतु न पाहिलेल्या जागेची भीती पाहिलेल्या जागेपेक्षा मोठी असते. एकदा स्वतः जाऊन त्या सभागृहात बसा. मग परवानगी द्यावयाची की नाही ते ठरवा.

आता गाणे आणि नाटक. याबाबत आपल्या घराघरांत मते निरनिराळी आहेत, आणि मी सर्वांचा मान राखतो. फक्त थोडा इतिहास सांगतो. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी पुण्यात संगीत विद्यालय चालवले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी. बार्शीचे अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले शाहीर. नदीपलीकडच्या करमाळ्याचे डॉ. यू. म. पठाण संतसाहित्याचे अभ्यासक, मराठवाडा विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक, आणि 1990 साली पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आपल्या माणसांनी व्यासपीठ गाजवले आणि आपली मुले श्रोत्यांत बसायला संकोचतात, हे बरे नव्हे. विद्यापीठात 1987 पासून ललित कला केंद्र आहे. तेथे संगीत, नृत्य, नाट्य गुरुकुल पद्धतीने शिकवतात आणि विद्यार्थी आपली कला लोकांपुढे सादर करतात. ज्यांच्या घरची हरकत नसेल त्यांनी अवश्य पाहावे. ज्यांची असेल त्यांना इतिहासाचे, विज्ञानाचे, कायद्याचे व्याख्यान आहेच.

आणि पुण्यालाच गेले पाहिजे असेही नाही. विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाची जयकर व्याख्यानमाला संलग्न महाविद्यालयांत भरते. ज्ञान आपल्या तालुक्यात चालत येते, तेव्हा निदान खुर्च्या रिकाम्या ठेवू नयेत.

आपल्या दीनची परंपराही हीच आहे. पहिली वही 'इक़रा', म्हणजे 'वाच', या शब्दाने सुरू झाली. मशिदीत उस्तादाभोवती शागिर्दांचा हलका बसे, आणि येईल त्याने त्यात बसावे अशी रीत होती. व्याख्यानाचे सभागृह हा त्या हलक्याचाच भाऊ आहे.

संस्थेला माझ्या तीन सूचना आहेत. एक, दरवर्षी 28 फेब्रुवारीला मुलामुलींची सहल पुण्याला न्यावी, आणि प्रत्येक मुलीबरोबर घरचे एक माणूस यावे. दोन, पुण्यात शिकणाऱ्या आपल्या मुलांनी तेथील कार्यक्रमांच्या तारखा संस्थेच्या फलकासाठी कळवाव्यात. तीन, जो विद्यार्थी व्याख्यान ऐकून आपला प्रश्न आणि मिळालेले उत्तर लिहून आणील, त्याचे लिखाण या स्मरणिकेत छापावे. टक्केवारीच्या यादीशेजारी प्रश्नांची यादी येऊ द्या.

आणि पालकांना एकच विनंती. मुलगा-मुलगी सुटीत घरी आली की "मार्क किती पडले?" हे जरूर विचारा. पण त्याच्या आधी विचारा, "बेटा, या महिन्यात काय ऐकलंस? आणि काय विचारलंस?"

अल्लाह आपल्या मुलांच्या इल्ममध्ये बरकत देवो.  खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.