विद्यापीठीय विद्यार्थिजीवन : चढ आणि उतार
(वार्षिक संमेलनातील गुणवंत विद्यार्थी गौरव समारंभात केलेले भाषण)



विद्यापीठातील जीवनाविषयी बोलण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न निघाल्यास त्या यादीत आमचे नाव येणार नाही. आम्ही जुन्या अकरावीच्या अखेरच्या तुकड्यांतील मॅट्रिक. अध्यापनाची पदविका घेतली, शाळेत लागलो आणि तेथूनच निवृत्त झालो. महाविद्यालयाच्या वर्गात बाकावर बसण्याचा योग आला नाही. परंतु निवृत्तीनंतर मंडळाने विद्यार्थिगृहाची व्यवस्था आमच्याकडे सोपविली, आणि जो पंगतीस बसत नाही पण वाढपी म्हणून फिरतो त्यास कोणाच्या पानात काय पडले व कोणी काय टाकून दिले हे जेवणाऱ्यांपेक्षा अधिक दिसते. त्या वाढप्याच्या नात्याने चार शब्द बोलावयाचे आहेत.

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले आणि त्याचे पहिले चार पदवीधर 1862 साली बाहेर पडले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे त्यांतील दोघे. त्यानंतर पाऊणशे-ऐंशी वर्षे आपल्या मराठी मुलुखातील बहुसंख्य मुलांना उच्च शिक्षण म्हणजे मुंबई किंवा पुणे येथील मोजकी महाविद्यालये एवढेच ठाऊक होते. नागपूरचे विद्यापीठ 1923 सालचे, पुण्याचे 1949 सालचे, मराठवाड्याचे 1958 सालचे, कोल्हापूरचे 1962 सालचे. आता जळगाव, नांदेड, सोलापूर येथेही विद्यापीठे झाली असून नदीपलीकडच्या गावातील मुलगीही बसने जाऊन येऊन पदवी मिळवू शकते. मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क ठराविक उत्पन्नमर्यादेपर्यंत 2024 पासून राज्य शासनाने माफ केले आहे. दार उघडले, ही मोठीच गोष्ट झाली. दारातून आत गेलेल्या मुलाचे पुढे काय होते, याकडे मात्र आपले लक्ष कमी असते.

प्रथम चढाचे बोलू, कारण तोही खरा आहे. जून-जुलैत विद्यार्थिगृहात आलेला मुलगा आणि दिवाळीस घरी जाणारा मुलगा हे पुष्कळदा दोन निराळे मुलगे असतात. आला तेव्हा खाली मान घालून “हो सर, नाही सर” एवढेच बोलणारा, दिवाळीपूर्वी एकांकिकेत पहारेकऱ्याचे काम करून आलेला असतो. पुण्यातील पुरुषोत्तम करंडकाची स्पर्धा 1963 पासून चालू आहे. तीत आपले महाविद्यालय उतरले की मुले महिनाभर रात्री तालमीस जातात आणि घसा बसलेला घेऊन परत येतात. आम्ही दाराची वेळ सांगून रागावतो, आणि ती सांगताना आत कोठेतरी बरेही वाटते. कोणी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातून हातास फोड आणतो आणि ते सर्वांना दाखवीत फिरतो. कोणास ग्रंथालयात एखादे पुस्तक असे सापडते की जेवणाची घंटाही ऐकू येत नाही. गेल्या पावसाळ्यात वनस्पतिशास्त्राच्या एका मुलाने आमच्याच आवारातील भिंतीवरील शेवाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि परत येऊन आम्हांस त्या भिंतीजवळ नेऊन अर्धा तास व्याख्यान दिले. ती भिंत चुना लावून साफ करण्याचे आम्ही त्या आठवड्यात ठरविले होते. ते काम पुढे ढकलावे लागले.

पैशाची ओढ जुनीच आहे. मागील पिढ्यांनी वार लावून जेवून, माधुकरी मागून शिक्षण घेतले. आगरकरांपाशी विद्यार्थिदशेत एकच सदरा होता व तो ते रात्री धुऊन सकाळी घालीत, असे सांगतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रमाला लाज नाही हे सातारच्या वसतिगृहात प्रत्यक्ष करून दाखविले, आणि त्याच ‘कमवा व शिका’ या नावाने आज विद्यापीठांत मुले ग्रंथालयात, कचेरीत, बागेत काम करून खर्च भागवितात. पैशाच्या अडचणीने मुलगा खचतो तसा घडतोही. रविवारी रात्री खानावळ बंद असते तेव्हा चौघांनी मिळून खोलीवर केलेला फोडणीचा भात आमच्या मुलांना वर्षभर आठवतो. तेव्हा आज आम्हांस बोलावयाचे आहे ते गरिबीविषयी नव्हे. ते बोलावयाचे आहे नापासाविषयी.

या मंडपात तो शब्द उच्चारणे अशुभ वाटेल. समोर शाल-श्रीफळे मांडली आहेत, आईबाप नवी वस्त्रे नेसून आले आहेत. पण याच व्यासपीठावर ज्याच्या गळ्यात आपण हार घातला, तो मुलगा पुढच्या वर्षी कोठे असतो? दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा. त्याला संवेग ठाऊक, त्वरण ठाऊक, घर्षण ठाऊक. अकरावी-बारावीत शिकवणीच्या जोरावर त्याने उत्तरे पाठ केली आणि उत्तम गुण मिळविले. आता अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी प्राध्यापक तासभर इंग्रजीत बोलतात, फळ्यावर गणित अर्धे सुटते, उरलेले घरी करा असे सांगितले जाते. शाळेत न समजल्यास हात वर करणारा मुलगा येथे हात वर करीत नाही, कारण शेजारचा मान हलवीत असतो. (तो शेजारीही समजल्यामुळे मान हलवितो असे नाही, हे त्याला तिसऱ्या वर्षी कळते.) सत्र साडेचार-पाच महिन्यांचे. ‘आता वेग घेऊ’ म्हणेपर्यंत परीक्षेचे वेळापत्रक लागलेले असते.

नाव-गाव न सांगता दोन मुलांची हकीकत सांगतो. एक मुलगा पहिल्या सत्रात चार विषयांत गेला. घरी विचारणा झाली तेव्हा निकाल लागला नाही म्हणाला. दुसऱ्या सत्रात पुन्हा दोन विषय राहिले आणि वर्ष अडले. आपल्या मंडळाच्या नियमाप्रमाणे शिष्यवृत्ती बंद झाली आणि खोलीही सोडावी लागली. घरी मात्र दरमहा तो “सर्व ठीक आहे” एवढेच कळवीत राहिला. वडील गावात सर्वांना सांगत की मुलगा इंजिनियर होतो आहे. त्या सांगण्याचाच मुलाला धाक. शहरात एका खोलीत सहाजणांसोबत राहून तो रात्री उशिरापर्यंत दुचाकीवरून घरोघर जेवणाची पार्सले पोचवू लागला. दिवसा अभ्यास करीन म्हणाला; दिवसा झोप येई. दीड वर्षाने वडील न कळविता आले तेव्हा मुलगा महाविद्यालयात जात नाही हे उघड झाले. त्यानंतर पितापुत्र कित्येक महिने बोलले नाहीत. आज तो एका कारखान्यात कामास आहे, प्रामाणिकपणे पोट भरतो. पण या संमेलनास येत नाही. ज्या मंडपात हार घातला गेला तेथे तोंड दाखवावयास नको, असे त्याने आमच्यापाशी बोलून दाखविले.

दुसरी मुलगी. तिचे गणिताचे दोन विषय राहिले. तिने त्याच संध्याकाळी आईस फोन केला. आई चौथी शिकलेली. तिला सत्र कळेना, क्रेडिट कळेना. तिने एवढेच विचारले, “पुन्हा परीक्षा देता येते ना? मग आधी जेव.” नंतर तिने आम्हांस फोन करून मुलगी जेवली का, ते विचारले. मुलीने पुढील सत्रात एक विषय सोडविला, त्यापुढील सत्रात दुसरा, आणि पदवीस प्रथम श्रेणी घेतली. दोघांच्या बुद्धीत आम्हांस फारसे अंतर दिसले नाही. अंतर कशात होते, ते या सभेतील मातापित्यांनी जाणावे.

येथे कोणी म्हणेल, नापासांचे कौतुक कशाला? कौतुक नव्हे. परंतु मोठ्यांच्या चरित्रांतील जी पाने आपण भराभर उलटतो, ती थोडी थांबून वाचावी. लोकमान्यांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष बव्हंशी शरीर कमावण्यात घालविले आणि परीक्षेच्या दृष्टीने ते वर्ष गेले. पुढे एम.ए.च्या परीक्षेतही त्यांस यश आले नाही. वडील आधीच वारले होते, पण घरात चुलत्यांचा आधार होता. शिक्षण तुटले नाही. आता दुसरे उदाहरण पाहा. श्रीनिवास रामानुजन 1904 साली शिष्यवृत्ती मिळवून कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात दाखल झाले. गणितात एवढे गढून गेले की इतर विषयांत मागे पडले, आणि नियमाप्रमाणे शिष्यवृत्ती बंद झाली. घरात शुल्क भरण्याची ऐपत नव्हती. 1905 साली ते घर सोडून विशाखापट्टणकडे निघून गेले. पुढे मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयात गेले. 1907 साली पुन्हा परीक्षा अनुत्तीर्ण. त्यानंतरची वर्षे हातात वही घेऊन, कोठे नोकरी मिळते का हे पाहत फिरण्यात गेली. 1913 साली मद्रास विद्यापीठाने दरमहा 75 रुपयांची संशोधनवृत्ती दिली तेव्हा कोठे त्यांस निवांतपणे गणित करता आले. 1918 साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले आणि 1920 साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, वारले. त्या आयुष्यात मध्यंतरीची सहा वर्षे किती महाग होती, याचा हिशेब करावा.

आपल्या प्रत्येक मुलात रामानुजन दडला आहे, असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. चाळीस मुले पाहिली की तीत आळशीही दिसतात, आणि भ्रमणध्वनीवर पहाटेपर्यंत जागून परीक्षेला पोट दुखते म्हणणारेही दिसतात. परंतु शिष्यवृत्ती बंद करणारा नियम या दोघांत भेद करीत नाही. तो गुणपत्रिका पाहतो व थांबतो.

आपला नियम असा की सर्व विषयांत उत्तीर्ण न होणाऱ्या विद्यार्थ्याची मदत व खोली दोन्ही त्याच वर्षी बंद व्हावी. ज्या वडीलधाऱ्यांनी तो केला त्यांना आम्ही दोष देत नाही. घरोघर फिरून रुपया-रुपया गोळा केलेला निधी होता. एकाच्या चुकारपणाने दुसऱ्याचा घास जाऊ नये ही त्यांची दृष्टी होती. त्या काळी वार्षिक परीक्षा होती आणि नापास म्हणजे सरळ वर्ष गेले असाच हिशेब होता. आज राहिलेले विषय घेऊन पुढे जाण्याची मुभा विद्यापीठच देते. विद्यापीठ ज्यास आत ठेवते त्यास आपण बाहेर काढतो, ही विसंगती मंडळाने पाहावी.

म्हणून आमची सूचना अशी. प्रथमच अनुत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यास आणखी एक शैक्षणिक वर्ष खोली राहू द्यावी. रोख रक्कम हातात न देता खानावळीचे पैसे परस्पर खानावळीस द्यावे. त्याने महिन्यातून एकदा मंडळाच्या एका सभासदास भेटून कोणत्या विषयात काय अडते ते सांगावे; आणि तो सभासद त्याच शाखेतील आपल्याच ज्ञातीचा पदवीधर असावा. असे पदवीधर या मंडपात पुष्कळ बसले आहेत. त्यांच्याकडून वर्गणी मागतो तशी महिन्याची एक संध्याकाळ मागावी. या मुलांची नावे अहवालात छापू नयेत, सभेत वाचू नयेत.

यावर एक आक्षेप खरा आहे, व तो कार्यवाहांनीच आमच्यापाशी घेतला. खाटा मोजक्या आहेत. अनुत्तीर्णाची खाट राखली तर नव्या पात्र मुलाची एक खाट जाते. यास आमच्यापाशी पूर्ण उत्तर नाही. तळमजल्यावरील जुन्या सामानाची खोली मोकळी केल्यास तेथे चार खाटा बसतात, हे आम्ही दोरीने मोजून पाहिले आहे. छत एका कोपऱ्यात गळते, ते दुरुस्त करावे लागेल. गवंड्याचा अंदाज घेऊन ठेवला आहे. त्या खोलीतील सामानात गेल्या पंचवीस वर्षांच्या स्मरणिकांचे गठ्ठे आहेत. ते सभासदांनी जाताना एकेक घेऊन गेल्यास निम्मे काम आजच होईल.

सूचनेची प्रत कार्यवाहांकडे दिली असून भोजनोत्तर सभेत ती विचारार्थ येईल. ज्यांना विरोध करावयाचा आहे त्यांनी तो अवश्य करावा. फक्त मठ्ठा पिऊन गाडीची वेळ झाली म्हणून परस्पर निघून जाऊ नये, कारण मागील दोन वर्षे गणसंख्येअभावी सभा तहकूब झालेली आहे.