पाळणा थांबल्यावर



पौष पौर्णिमेला म्हसा, माघी पौर्णिमेला मलंगगड, महाशिवरात्रीला अंबरनाथचे शिवमंदिर. कात्रपच्या माणसाला या यात्रांची वाट सांगावी लागत नाही, आणि यात्रा म्हटली की लांबून प्रथम दिसतो तो आकाशपाळणा. तो फिरत असताना सारे त्याच्याकडे पाहतात. परंतु तो थांबल्यावर त्याचे आणि त्याला हात लावणाऱ्या माणसांचे काय होते, हा प्रश्न कामगार चळवळीनेही फारसा विचारलेला नाही.

वैशाख सरतो, मृगाचे ढग येतात आणि हंगाम मिटतो. खरे काम तेव्हा सुरू होते. पाळणा उतरवून खांब, आरे, दांडे, आसने सुटी करावयाची. वायर ब्रशने गंज खरवडावयाचा. बेअरिंग धुऊन नवे ग्रीस भरावयाचे, झिजलेल्या पिना आणि आटे गेलेले नटबोल्ट बदलावयाचे. सर्वांत नाजूक काम वेल्डिंगच्या सांध्यांचे. तेथील भेग केसाइतकी बारीक असते आणि रंगाखाली सहज दडते. म्हणून आधी तपासणी, मग रेड ऑक्साइड आणि शेवटी रंग, हा क्रम जाणता फिटर मोडू देत नाही. मालकाला मात्र रंगाची घाई. कारण गिऱ्हाईक रंग पाहते, सांधा नव्हे! कोकणपट्टीच्या पावसात ताडपत्रीखाली ठेवलेले लोखंड कसे खाल्ले जाते, हे अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत आयुष्य घालविलेल्यांना वेगळे सांगावयास नको.

आणि या कारागिराला मिळते काय? हंगामात निदान रोज असतो. पावसाळ्यात तोही कापला जातो. पुष्कळदा जेवणावरच भागविले जाते. मग उचल घ्यावयाची, आणि उचल घेतली की पुढचा हंगाम आधीच गहाण पडला. तमाशाच्या फडात आणि ऊसतोडणीत जी रीत, तीच येथे.

14 जुलै 2019 रोजी अहमदाबादेत कांकरिया तलावाजवळच्या उद्यानात एका फिरत्या झोक्याचा मुख्य दांडा मोडला. दोघे मृत्युमुखी पडले, पंचविसांहून अधिक जखमी झाले. त्यानंतर मालक आणि व्यवस्थापक यांच्याबरोबर चालक व मदतनीस यांनाही अटक झाली. त्या प्रकरणाचा निवाडा न्यायालयाचा आहे. परंतु या धंद्यातील मदतनिसाचे नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा येते ते बहुधा अशाच वेळी, हजेरीपटावर ते कधी आलेलेच नसते.

कायदा काय करतो? भारतीय मानक ब्युरोचे आयएस 15475 हे मानक अशा खेळण्यांच्या देखभालीविषयीही बोलते. पण मानक म्हणजे सक्ती नव्हे. 1948 च्या कारखाने कायद्यात विजेवर चालणाऱ्या कामासाठी 10 कामगारांची अट होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या नव्या संहितेने ती 20 वर नेली. ज्या ताफ्यात पाच-सात माणसे, त्याला 10 चा कायदाही दूरच होता. आता तो क्षितिजापलीकडे गेला.

मालकही पुष्कळदा कर्जबाजारी असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. म्हणूनच 1969 च्या माथाडी कायद्याचे स्मरण करावयाचे. एक कायम मालक नसलेल्या हमालासाठी महाराष्ट्राने मंडळ उभारले. मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात जमा होऊ लागली. जत्रेतील कामगारासाठी हे अशक्य का मानावे? मैदानाचे भाडे जो घेतो, त्याच्याकडूनच लेव्हीचा वाटा वसूल करता येईल.

तोवर स्थानिक काम पुष्कळ आहे. कुळगाव-बदलापूर आणि अंबरनाथ येथील नगरपरिषदांनी मैदान देताना पावसाळी दुरुस्तीची नोंदवही मागावी, तीत काम करणाऱ्याचे नाव असावे आणि सोबत त्याला दिलेल्या मजुरीची पावती असावी. येथे एक सावधगिरी हवी. सही कारागिराची आणि जबाबदारी मालकाची, हे स्पष्ट लिहून घ्यावे. नाहीतर नोंदवहीच उद्या त्याच्या गळ्यातील फास होईल. धोका दिसताच पाळणा थांबविण्याचा अधिकार त्याला असावा आणि त्या दिवसाचा रोज कापला जाऊ नये, हीही अट हवी.

म्हसाची यात्रा पौषात भरते. परवान्याचे अर्ज त्याआधी येतील, तेव्हा मागणीचा मसुदा दिवाळीपूर्वी नगरपरिषदेच्या टेबलावर पोहोचला पाहिजे.