कर्जाची नळपाणी योजना

लोंढ्याला पावसाची ददात नाही. जूनपासून घाटात नुसता कोसळत असतो. मलप्रभा उगम पावते तीही आपल्याच खानापूर तालुक्यात, कणकुंबीला. तरी एप्रिल-मे आला की वाड्यांवरच्या विहिरी तळ गाठतात, बोअरची मोटर जळते आणि तातडीच्या निधीची मागणी सुरू होते.

पाण्यासाठी लागणाऱ्या पैशाच्या दोन वाटा आहेत. राज्याच्या आपत्ती निधीत केंद्राचा वाटा 75 टक्के, राज्याचा 25. त्यातून टँकर लागतो, पुरानं तुटलेली पाइपलाइन जोडली जाते. हा निधी फेडायचा नसतो. पण त्यातून नवी योजना उभी राहत नाही. त्यासाठी अनेकदा कर्ज काढावं लागतं. 2020-21 पासून केंद्र सरकार राज्यांना भांडवली कामांसाठी 50 वर्षांच्या मुदतीचं बिनव्याजी कर्ज देतं, आणि ते त्याच आर्थिक वर्षात खर्च करायचं असतं. मार्च जवळ आला की चर खणायची घाई होते. खडक लागला म्हणून पाइप उथळ टाकला, दाब न तपासता माती ओढली, तर पहिल्याच पावसाळ्यात सांधा निखळतो. कर्ज मात्र 50 वर्षं राहतं.

बेळगावनं वेगळं करून दाखवलंय. 2004 मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्याच्या काही भागांत चोवीस तास पाण्याची योजना हाती घेतली गेली. नुसते पाइप बदलले नाहीत, घरोघरी मीटर बसवले, गळती शोधली. खासगी कंपनीकडे काम देण्याला लोकांचा विरोध झाला, आणि त्या शंका रास्तच होत्या. पण जिथं दोन-तीन दिवसांआड पाणी यायचं, त्या भागांत नळ चोवीस तास वाहू लागला. मला वाटतं, यातलं खरं काम मीटरनं केलं. पाणी कुठं मुरतंय ते त्याच्यामुळेच कळतं.

आपल्या पंचायतीत व्हॉल्व्ह सोडणाऱ्या वॉटरमनचा पगार, मोटरचं रिवाइंडिंग, ब्लिचिंग पावडर, वीजबिल यांसाठी कर्ज काढायचं नसतं. हा खर्च पाणीपट्टीतूनच भागायला हवा. म्हणून येत्या ग्रामसभेत पंचायत विकास अधिकाऱ्यांना, म्हणजे पीडीओंना विचारा: पाणीपट्टीचा हिशेब वेगळा ठेवलाय का, त्यात शिल्लक किती, योजना ताब्यात घेताना दाबाची चाचणी कुणी पाहिली? आणि तुमच्या गल्लीत चर खणला असेल, तर तो बुजवायच्या आधी टेप लावून पाइपची खोली मोजा.