नगरचं खास काय?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पुण्याचा पाहुणा येताना बाकरवडी आणतो, नागपूरचा संत्राबर्फी आणतो. आपण नगरकर परगावी निघालो की मात्र पिशवीत काय घालावं, असा प्रश्न पडतो. जिल्ह्याचं म्हणाल तर राजूरचे पेढे आहेत, राहात्याचे पेरू आहेत, कोल्हारची भेळ आहे. पण खुद्द नगर शहराचं काय? २०२४ साली शहराचं नाव अहिल्यानगर झालं, तरी बोलण्यात अजून नगरच येतं आणि हा प्रश्नही तसाच आहे.

मागच्या थंडीत माझा भाचा पुण्याहून चार मित्रांना घेऊन आला. म्हणाला, "मावशी, आम्हांला पायी फिरव आणि गावातलं खास ते खाऊ घाल. हल्ली अशा खाद्यफेऱ्या निघतात. माणशी पैसे घेतात लोक!" मी जन्मभर शाळेत शिकवलं. वेळापत्रक केल्याशिवाय मला चैन पडत नाही. रात्री कागद घेऊन बसले. किल्ला, चांदबिबी महाल हे भराभर लिहिलं. खाण्याच्या रकान्यात पेन अडलं.

सकाळी माळीवाडा वेशीपासून निघालो. विशाल गणपतीला हात जोडले आणि पुढे निघालो, तोच पहिली फजिती झाली. एका टपरीवर 'नगरी मावा' अशी पाटी बघून एका मुलाचे डोळे चमकले. "खव्याचाच ना, मावशी?" आता काय सांगणार! आमच्याकडे मावा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात चोळून केलेला ऐवज. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. पण माव्याने किती जणांच्या तोंडाची वाट लावली, ते दवाखान्यात जाऊन बघावं. गावाचं नाव ज्या एका पदार्थाला चिकटलंय, तो नेमका हा असावा, याची मला त्या दिवशी लाज वाटली. मुलांना पुढे ढकललं.

कापडबाजारात गरम कचोरी मिळाली. मुगाच्या डाळीची, बडीशेप घातलेली. पोरांनी दोन-दोन खाल्ल्या. मग एकाने विचारलंच, "ही तर मारवाडी ना?" म्हटलं, होय. पिढ्यान् पिढ्या व्यापार करणाऱ्या मारवाड्यांनी आणली. पुढे तेलीखुंटावरून तोफखान्याच्या बाजूला वळलो. इथे पद्मशाली समाजाची वस्ती. तेलंगणातून विणकामासाठी आलेली ही माणसं. पुढे घरोघरी बायका विड्या वळू लागल्या. यांच्या घरात चिंचेच्या कोळातला पुलुसु शिजतो. माझ्या वर्गातल्या मुली डब्यात आणायच्या, म्हणून मला ठाऊक. दुकानात तो मागून मिळत नाही.

चितळे रस्त्याने चौपाटी कारंजाला आलो. गाव वसवलं अहमद निजामशहाने, १४९० साली. निजामशाहीत कापूरवाडीसारख्या गावांकडून खापरी नळांनी शहरात पाणी आणलं होतं. कारंजी गेली, नावं उरली. तिथून दिल्ली दरवाजाबाहेर पडून तारकपूरला गेलो. १९४७च्या फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं इथे वसली. त्यांचा दाल-पकवान हा नाश्ता, म्हणजे कुरकुरीत पकवान आणि वर घट्ट हरभऱ्याची डाळ. मुलं खूश झाली. पण भाचा म्हणाला, "मावशी, हे सगळं छान आहे. पण सगळं बाहेरून आलेलं. तुमचं स्वतःचं कुठे मिळेल?"

या प्रश्नाने मला आमचं घर आठवलं. १९७२च्या दुष्काळात मी बारा वर्षांची होते. मिलो ज्वारीच्या लालसर भाकरी आम्ही खाल्ल्या. आईकडे हुलगा असला की शेंगोळे व्हायचे. हुलग्याचं पीठ लसूण-मिरची घालून मळायचं, बोटाएवढ्या वळ्या करायच्या आणि उकळत्या पाण्यात सोडायच्या. कालवण तेच आणि जेवणही तेच. माणसं वाढली की आई पाणी वाढवायची. पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या मुलखाचं जेवण हे असंच असणार. ते काचेच्या कपाटात मांडून विकायचं, असं कुणाला वाटलंच नाही. आम्हांलाही ते पाहुण्यापुढे ठेवायचा संकोच.

शेवटी मी शेजारच्या आक्कांना फोन केला. त्यांच्या हातची शिपी आमटी आमच्या गल्लीत प्रसिद्ध. शिंपी समाजाच्या घरांतून आली म्हणून शिपी, असं सांगतात. दोन-चार डाळी एकत्र शिजवायच्या, कांदा-खोबरं काळं होईस्तोवर भाजायचं, घरचा काळा मसाला घालायचा, आणि वर तर्री. भाकरी कुस्करायची आणि ताटातच आमटी ओतून घ्यायची. मुलांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण एकानेही 'पुरे' म्हटलं नाही. एक जण मसाल्याचं प्रमाण लिहून घ्यायला लागला. आक्का म्हणाल्या, "प्रमाण कसलं? हाताला कळतं." सुना पुण्याला. हात कुणाला देणार?

निघताना भाच्याने पाकीट काढलं. सकाळपासून सगळीकडे तोच पैसे देत होता. आक्का चपापल्या. "अरे, पाहुण्याकडून पैसे घेऊ? पाप लागेल मला." मीही सवयीने भाच्याकडे डोळे वटारले. पण नंतर वाटलं, कचोरीवाल्याला दिले, पकवानवाल्याला दिले. चुलीपाशी तीन तास उभ्या राहिलेल्या बाईला का नाही? दुकानदाराचा तो धंदा, आणि आक्कांची ती माया? बचत गटाच्या बायका आता भाकरी-ठेचा विकतात, त्यांना कोणी पाप लागेल म्हणत नाही.

मी तसं आक्कांना बोलून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पैसे नको. पण पुढच्या वेळी पोरं आणशील तेव्हा आदल्या दिवशी सांग. खोबरं आणि डाळी तुम्ही आणा. आणि त्या लिहिणाऱ्याला मसाला कुटायला लवकर पाठव."

भाच्याचा परवा फोन आला. हुरड्याच्या दिवसांत येतोय, आठ जण. मी आक्कांना अजून सांगितलेलं नाही. आठ जणांचं खोबरं त्यांनी मोजून मागितलं, तर मी त्यांच्या मजुरीचा विषय पुन्हा काढणार आहे.