दारची जास्वंद आणि रानांतली कपाशी



खानदेशांत फुलझाडांचा विषय निघाला कीं ऐकणाऱ्याच्या मनांत पहिला विचार येतो तो उन्हाचा. जळगांव-भुसावळकडे वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाऊन बसतो. पाऊस जळगांव जिल्ह्यांत वर्षाकाठीं साधारण ७०० मिलिमीटर, धुळ्याकडे त्याहूनहि कमी. आणि तोहि बहुतेक चार महिन्यांत पडून मोकळा होतो. अशा मुलखांत ओलसर हवेंत सुखावणारी जास्वंद लावावयाची म्हणजे पुष्कळांना ती व्यर्थ हौस वाटते. दोन वर्षें ती कुंडींत कशीबशी जगते, पानें पिवळीं पडतात, कळ्या उमलण्यापूर्वींच गळतात, आणि मग "आपल्याकडे हें झाड होत नाहीं" असें म्हणून कुंडी रिकामी करण्यांत येते.

माझें म्हणणें याच्या उलट आहे. जास्वंद खानदेशाला परकी नाहीं. ज्या पिकावर या मुलखांतील हजारों घरांचा संसार चालतो, त्या कपाशीच्या ती नात्यांतली आहे. हें नातें ओळखलें म्हणजे तिची निगा कशी राखावी तें समजतें. आणि तिच्या दुखण्यावर आपण जो उपाय करतों त्याचा परिणाम आपल्या अंगणापुरताच राहत नाहीं, हेंहि समजतें.

जास्वंदीचें एक फूल हातांत घेऊन पाहा. पांच पाकळ्या, मधून निघालेली लांब नळी, त्या नळीवर चिकटलेले पुंकेसर आणि अगदीं टोंकाला पांच बारीक ठिपके. हीच ठेवण लहान प्रमाणांत कपाशीच्या, भेंडीच्या आणि अंबाडीच्या फुलांत आढळते. ज्या अंबाडीची भाजी आपण आवडीनें खातों, ती तर जास्वंदीची सख्खी बहीणच होय. संस्कृतांत जास्वंदीला जपा म्हणतात. स्वीडनच्या लिनियसनें १७५३ सालीं तिला शास्त्रीय नांव दिलें, त्याचा अर्थ 'चीनचा गुलाब' असा होतो. फूल बहुधा एकच दिवस टिकतें. आपल्या बागेंतल्या जातींना बीं सहसा धरत नाहीं. म्हणून वंश वाढवावयाचा तो फांदीनें.

फांदी लावण्याची योग्य वेळ म्हणजे पाऊस स्थिरावल्यानंतरचा आषाढ. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, तीन-चार डोळे असलेली फांदी घ्यावी. ती फार कोंवळी नसावी, फार जूनहि नसावी. डोळ्याच्या लगत खालीं तिरपा काप घ्यावा. खालचीं पानें काढून टाकावीं, वरचीं दोन ठेवावीं, आणि तीं मोठीं असल्यास अर्धीं कापावीं. वाळू आणि चांगलें कुजलेलें खत समभाग घेऊन त्यांत ती फांदी सावलींत ठेवावी. चार ते सहा आठवड्यांत मुळें सुटतात. डोळा फुटलेला दिसला म्हणून मूळहि सुटलें असें समजूं नये. उत्साहाच्या भरांत फांदी उपटून पाहणाऱ्या मुलांपासून आणि वडील मंडळींपासून ती तेवढे दिवस जपावी.

आतां मातीचें पाहूं. तापीच्या खोऱ्यांतली काळी जमीन कपाशीला मानवते, कारण कपाशीचें मूळ खोल जातें आणि खालचा ओलावा शोधून काढतें. कुंडींत ही सोय नाहीं. तीच काळी माती कुंडींत भरली कीं पावसांत चिखल होते आणि उन्हांत आकसून तिच्यांत भेगा पडतात; मुळें एकदां गुदमरतात, एकदां तुटतात. म्हणून एक भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग जुनें शेणखत असें मिश्रण करावें. कुंडीच्या तळाचें भोंक मोकळें आहे ना, हें स्वतः पाहावें.

आपल्याकडच्या पुष्कळ मातींत चुनखडीचें प्रमाण जास्त असतें आणि कूपनलिकेचें पाणीहि जड असतें. अशा मातींत लोह असूनहि तें मुळांना घेतां येत नाहीं. मग कोंवळीं पानें पिवळीं पडतात आणि त्यांतल्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही खूण दिसली म्हणजे पाणी वाढवूं नये. दुखणें तहानेचें नव्हे. चहाचा एक चमचा हिराकस ओंजळभर शेणखतांत मिसळून मुळाभोंवतीं घालावा. कुंडींत चुलीची राख घालण्याची जुनी चाल आहे, ती मात्र येथें सोडावी. राखेनें चुनखडीचा दोष वाढतो.

पाणी किती घालावें, हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो. त्याचें उत्तर धुळें जिल्ह्यानें फार पूर्वींच देऊन ठेवलें आहे. पांझरा नदीच्या कांठीं, साक्रीकडच्या भागांत, शतकानुशतकें फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा बांधून पाटानें पाणी घ्यावयाचें, लाभाच्या क्षेत्राचे फड पाडावयाचे, एका फडांत एकच पीक घ्यावयाचें, आणि गांवानें नेमलेल्या पाटकऱ्यानें पाळीपाळीनें पाणी द्यावयाचें, अशी ती व्यवस्था. पाळी आली म्हणजे जमीन पोटभर भिजते. पाळी संपली म्हणजे तिला विसावा मिळतो. झाडालाहि हाच न्याय लागू आहे. रोज ओंजळभर पाणी शिंपडलें तर मुळें वरच्या थरांतच पसरतात आणि उन्हाच्या पहिल्या तडाख्यांत भाजून निघतात. म्हणून जमिनींतल्या झाडाला उन्हाळ्यांत तीन-चार दिवसांनीं आणि हिंवाळ्यांत आठवड्यानें आळें भरून पाणी द्यावें. कुंडीची गोष्ट वेगळी. वैशाखांत तिला रोज सकाळीं तळांतून पाणी निघेपर्यंत भिजवावें. इतर ऋतूंत मातींत बोट घालून पाहावें आणि दोन पेरांपर्यंत कोरडी लागली तरच पाणी द्यावें. जळगांवच्या भवरलाल जैन यांनीं १९८० च्या दशकांत ठिबक सिंचनाचा उद्योग उभा केला. त्या नळीचा एखादा तुकडा अंगणांतहि उपयोगी पडतो. साधन नवें असलें तरी मर्म तेंच आहे: पाणी मुळाशीं आणि बेतानें.

उन्हाळ्यांत सकाळचें ऊन झाडाला मिळूं द्यावें आणि दुपारनंतर सावली करावी. पश्चिमेच्या भिंतीलगत कुंडी ठेवूं नये. तापलेली भिंत रात्रींहि झाडाला उसंत देत नाहीं. मुळाभोंवतीं वाळल्या पानांचें आच्छादन घालावें. रावेर-यावलकडे केळीच्या बागा उदंड आहेत. केळीचीं निरोगी वाळलेलीं पानें तुकडे करून पसरलीं तर ओल टिकते, आणि तीं कुजल्यावर झाडाला पालाशहि मिळतें. इतकें करूनहि भर उन्हाळ्यांत कांहीं कळ्या गळतील. त्यानें खचून जाऊन खताचा मारा करूं नये. नत्राचें खत फार झालें कीं पानें माजतात आणि फुलें रुसतात.

जास्वंदीला फूल येतें तें नव्या फुटीवर. म्हणून जो छाटणीला भितो त्याला फुलें थोडीं मिळतात. मृगाचा पाऊस पडला म्हणजे फांद्या एक तृतीयांश कापाव्या आणि आंत गर्दी करणाऱ्या काटक्या काढाव्या. वैशाखांत कात्री लावूं नये. उघडें पडलेलें खोड उन्हानें करपतें.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. जास्वंदीच्या शेंड्यावर, कळ्यांच्या देठांवर पांढरा, कापसाच्या पुंजक्यासारखा किडा बसलेला तुम्हीं पाहिला असेल. त्याला पिठ्या ढेकूण म्हणतात. तो रस शोषतो, गोड चिकटा सोडतो, आणि त्या चिकट्याच्या लोभानें मुंग्या त्याचें रक्षण करतात. यांतली एक जात मूळची उत्तर अमेरिकेची. २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत ती पाकिस्तानांत आणि भारतांत कपाशीवर मोठ्या प्रमाणावर पसरली. गुजरात, पंजाब आणि आपला महाराष्ट्र यांनीं तिची झळ सोसली. कपाशीचा हंगाम संपला तरी ती मरत नाहीं. बांधावरच्या तणांवर, साठवलेल्या पऱ्हाट्यांवर आणि बारमाही हिरव्या असलेल्या आपल्या जास्वंदीवर ती तग धरते, आणि नवी कपाशी उगवली म्हणजे पुन्हां रानांत उतरते. तेव्हां शहराच्या कडेला राहणाऱ्या गृहस्थानें आपलें झाड स्वच्छ ठेवलें, तर तें शेजारच्या शेतकऱ्यावर उपकार केल्यासारखेंच आहे.

पण स्वच्छ ठेवणें म्हणजे विष ओतणें नव्हे. शेतावर उरलेली औषधाची बाटली घरीं आणून कुंडीवर फवारण्याची प्रवृत्ति दिसते. ती सर्वथा टाकली पाहिजे. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषधें फवारतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर प्राणांस मुकले. उघड्या रानांत जें इतकें घातक ठरलें तें बंद अंगणांत, लेंकरांच्या हाताशीं, कसें वापरावें? जास्वंदीचें फूल आपण गणपतीला वाहतों, केसांच्या तेलांत घालतों, कोणी त्याचा काढाहि घेतात. जें पोटांत आणि माथ्यावर जावयाचें त्यावर विष नको.

शिवाय या किड्याला निसर्गांतच वैरी आहे. एक सूक्ष्म गांधिलमाशी त्याच्या अंगांत अंडीं घालते आणि तिची अळी त्याला आंतून पोखरते. २००९ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध झालें तेव्हां तिला बांबावाले या भारतीय शास्त्रज्ञाचें नांव देण्यांत आलें होतें; पुढें ती पूर्वींच वर्णिलेली ॲरिझोनाकडची जात ठरली. नांव बदललें तरी तिचें काम चालूच राहिलें. पांढऱ्या पुंजक्यांत कोठें कडक, तांबूस-तपकिरी दाणे दिसले तर ते तिचे समजावे आणि ती फांदी राखावी. जहाल औषधानें किड्याआधीं ही मित्रमाशीच मरते.

मग करावें काय? पुंजके थोडे असतील तेव्हांच, आणि त्यांत तांबूस दाणे नसतील तर, शेंडा कापून जाळावा. राहिलेल्यांवर पाण्याची जोराची धार सोडावी. एक लिटर पाण्यांत चहाचा एक चमचा लिंबोळीचें तेल आणि थोडा साबण घुसळून संध्याकाळीं फवारावा. आधीं एका फांदीवर करून पाहावें, आणि भर उन्हांत कधींहि करूं नये. आठ दिवसांनीं पुन्हां करावें. मुंग्यांची वाट बंद करावी. पऱ्हाट्यांचा ढीग घराच्या भिंतीलगत रचून ठेवूं नये.

इतकी निगा राखणाऱ्याला पहिल्या वर्षीं फुलें थोडींच मिळतील. झाड मुळें रोवण्यांत गुंतलेलें असतें. दुसऱ्या पावसाळ्यापासून तें मोकळ्या हातानें देऊं लागतें. येत्या आषाढांत एखाद्या निरोगी झाडाची फांदी मागून घ्या आणि लावा. ती जगली म्हणजे तिचीच फांदी शेजाऱ्याला द्या, पण देण्यापूर्वीं पानें उलटून पाहा: पांढरा पुंजका दिसला तर फांदी देऊं नका.