कुंडी भंडाऱ्याची नोंद : अल्पखर्चाचा जीपीएस रिसीव्हर व लॅपटॉप

(क्षेत्रीय कर्मचाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अकबराने १६०१ मध्ये असीरगड जिंकल्यानंतर तापीकाठचे बऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेकडील कारभाराचे प्रमुख ठाणे झाले. सैन्य आणि वस्ती वाढली, तशी पाण्याची गरजही वाढली. तेव्हा १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान याच्या कारकीर्दीत, शहराच्या उत्तरेस कुंडी भंडारा ही भूमिगत पाणीयोजना आकारास आली. सातपुड्याकडून तापीकडे झिरपत जाणारे भूजल वाटेतच भुयारांत घ्यावयाचे आणि केवळ उताराच्या बळावर शहराकडे न्यावयाचे, हे या योजनेचे तत्त्व होय. भुयारांवर थोड्याथोड्या अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या बांधलेल्या आहेत. त्यांतून आत हवा व उजेड पोहोचतो आणि गाळ उपसण्यासाठी उतरता येते. खूनी भंडारा या नावानेही ओळखली जाणारी ही वास्तू २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली.

अशा वास्तूचे रक्षण करताना एक मोठी अडचण येते. भुयार जमिनीवरून दिसत नाही. दिसतात त्या केवळ कुंड्या. एखादी कुंडी बुजली किंवा झुडपांत झाकली गेली, म्हणजे तेवढ्या भागातील भुयाराची खूणच नाहीशी होते. पुढे तेथे कूपनलिका खोदणाऱ्यास अथवा घराचा पाया घेणाऱ्यास आपण कशावर घाव घालीत आहोत याची कल्पना नसते. सबब प्रत्येक कुंडीचे स्थान नकाशावर निश्चित करणे ही संरक्षणाची पहिली पायरी ठरते. छत्रपती संभाजीनगर येथील मलिक अंबरच्या नहरींबाबतही हेच म्हणता येईल.

या पहिल्या पायरीसाठी महागडी साधनसामग्री लागत नाही. यूएसबीने जोडावयाचा लहानसा जीपीएस रिसीव्हर व एक जुना लॅपटॉप एवढ्यावर काम भागते. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत हा रिसीव्हर घेतो आणि किमान चार उपग्रहांच्या संकेतांवरून स्वतःचे स्थान काढतो. नागरी वापराच्या संकेतांत अमेरिकेने हेतुपुरस्सर ठेवलेली अशुद्धता २ मे २००० रोजी बंद केली. तेव्हापासून मोकळ्या आकाशाखाली साध्या रिसीव्हरलाही साधारणतः तीन ते पाच मीटरपर्यंतची अचूकता मिळू शकते.

जोडणीची रीत सोपी आहे. रिसीव्हर लॅपटॉपला लावला की तो बहुधा सीरियल पोर्ट म्हणून दिसतो. विंडोज प्रणालीत डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचा कॉम क्रमांक पाहून घ्यावा. नंतर टर्मिनल प्रोग्रॅममध्ये तो क्रमांक व वेग भरावा. वेग बहुधा ९६००, तर काही जुन्या यंत्रांत ४८०० असतो. वेग चुकल्यास पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतात. बरोबर असल्यास दर सेकंदास डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी येऊ लागतात. त्यांतील जीजीए या ओळीत वेळ, अक्षांश, रेखांश, स्थाननिश्चितीचा दर्जा, उपग्रहांची संख्या व उंची ही माहिती असते. दर्जाच्या जागी शून्य असेल तोवर स्थान मिळालेले नाही असे समजावे. बराच काळ बंद असलेल्या यंत्रास प्रथम काही मिनिटे लागतात. तेवढा धीर धरावा. ओळी नीट येत असल्याची खात्री झाल्यावर टर्मिनल बंद करून मगच क्यूजीआयएस हा विनामूल्य नकाशा-प्रोग्रॅम उघडावा, कारण एकच पोर्ट एका वेळी दोन प्रोग्रॅमना सहसा वापरता येत नाही.

येथवर यंत्राचे काम झाले. चुका होतात त्या यापुढे, आणि त्यांपैकी तीन विशेष लक्षात ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली चूक आकडा वाचण्याची. जीजीए ओळीतील २११८.५००० या अक्षांशाचा अर्थ २१ अंश १८.५ मिनिटे, म्हणजेच २१.३०८३ अंश असा होतो. तोच आकडा २१.१८५ अंश म्हणून नोंदविल्यास स्थान साडेतेरा किलोमीटरांहून अधिक दक्षिणेस सरकते आणि बऱ्हाणपूरची कुंडी तापीपलीकडे जाऊन बसते. दुसरी चूक नकाशाच्या आधाराची. जीपीएसची स्थाने डब्ल्यूजीएस ८४ या आधारावर असतात, तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेले आहेत. रूपांतर न करता एकाची स्थाने दुसऱ्यावर मांडल्यास या भागात शंभर मीटरांहून अधिक फरक पडू शकतो. तिसरी चूक घाईची. एकाच वाचनावर विसंबू नये. प्रत्येक कुंडीपाशी काही मिनिटे थांबून सरासरी घ्यावी, उपग्रहांची संख्या लिहून ठेवावी आणि शक्य तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे. दोन दिवसांची वाचने जुळली नाहीत तर तसे नोंदवहीत स्पष्ट लिहावे. आकडा जुळवून घेऊ नये.

या साधनाच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. भुयारात उपग्रहांचे संकेत पोहोचत नाहीत, त्यामुळे स्थान मिळते ते केवळ कुंडीच्या तोंडाचे. दोन कुंड्यांमधील भुयार सरळच गेले असेल असे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी आत उतरून फीत व होकायंत्राने मोजणी करावी लागते. उंचीचे वाचन तर आडव्या स्थानाहूनही कमी भरवशाचे असते. ही सारी योजना मंद उतारावर चालते. तो उतार काढावयाचा तर लेव्हल यंत्रानेच काढला पाहिजे. तसेच एखाद्या बांधकामास परवानगी द्यावयाची असेल तेव्हा या नोंदीवर थेट निर्णय घेऊ नये. येथे अधिक काटेकोर मोजणी हवी, एवढीच सूचना तिच्यापासून घ्यावी.

तथापि ही सूचना वेळेवर मिळणे हीच मोलाची गोष्ट आहे. नोंद झालेली कुंडी पुढे बुजली तरी तिची जागा शोधून काढता येते. नोंद न झालेली कुंडी बुजली की तिच्याखालचे भुयार कुदळ लागेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. चारशे वर्षांपूर्वी ज्यांनी हे काम केले त्यांच्यापाशी उतार साधण्याची अचूक दृष्टी होती. आजच्या कर्मचाऱ्याच्या हाती अल्पखर्चाचे साधन आहे. त्याच्या जोडीला आकडा नीट वाचण्याची, थांबून मोजण्याची व प्रामाणिकपणे लिहिण्याची सवय लागली, तर एका मोसमात कुंड्यांची विश्वसनीय यादी सिद्ध होऊ शकेल, आणि पुढील मोजणीस भक्कम आधार मिळेल.