गिऱ्हाईक की आश्रित?

श्रोतेहो, दुकानी येईल त्याला आपण गिऱ्हाईक म्हणतो. संस्कृत ‘ग्राहक’, म्हणजे घेणारा, याचेच हे घरगुती रूप. लॅटिनच्या लेकी काय म्हणतात पाहा: फ्रेंच ‘क्लियाँ’, इटालियन नि स्पॅनिश ‘क्लिएन्ते’, रुमानियन ‘क्लिएंत’. मूळ शब्द एकच, ‘क्लिएन्स’. पण जुन्या रोममधला क्लिएन्स खरेदीला जात नसे; तो होता आश्रित. भल्या सकाळी धन्याच्या दारी मुजऱ्याला जायचे, शिधा किंवा चार पैसे घ्यायचे, निवडणुकीत त्याची बाजू धरायची. धन्याने त्याला कोर्टात सांभाळायचे. आश्रिताला फसवील तो धनी शापित, असे इ. स. पूर्व ४५० च्या सुमाराच्या ‘बारा पाट्यां’च्या कायद्यात होते. पुढे हाच शब्द वकिलाच्या अशिलाला लागला, मग दुकानच्या गिऱ्हाइकाला. पोर्तुगीजांत आणखी एक शब्द आहे, ‘फ्रेगेश’. मूळ अर्थ चर्चचा पुत्र; पण गिऱ्हाइकालाही तोच!

आपल्याकडेही ‘कूळ’ शब्द आहेच: जमीन कसणारे कूळ, सावकाराचे कूळ. गुरुजी, वर्गात मुलांना एवढे जरूर सांगा: रोख देतो तो गिऱ्हाईक, उधारीच्या वहीत नाव चढून राहिले, की गिऱ्हाइकाचे कूळ व्हायला वेळ लागत नाही.